मर्माभिघातज स्थौल्य : हायपोथॅलॅमसच्या विकृतीतून होणारी मेदोवृद्धी आणि आपली चिकित्सा

स्थौल्याचा रुग्ण समोर बसला की हेतू शोधण्यास आपल्याला सहसा फार कष्ट पडत नाहीत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात सांगितलेली हेतुमालिका आपणा सर्वांना मुखोद्गत आहे. अतिसंपूरण, गुरु-मधुर-शीत-स्निग्ध आहार, अव्यायाम, अव्यवाय, दिवास्वाप, हर्षनित्यत्व, अचिंतन आणि बीजस्वभाव यांपैकी दोन-चार हेतू रुग्णाच्या बोलण्यातूनच बाहेर पडतात. मग आपण पथ्य सांगतो, लेखन द्रव्ये योजतो, चालण्याचा आग्रह धरतो. रुग्णाने ते पाळले तर गुण येतो, न पाळल्यास येत नाही. आणि गुण आला नाही की रुग्ण पथ्य पाळत नसावा, असा निष्कर्ष आपण सहज काढतो.

हा निष्कर्ष ज्यांच्या बाबतीत सर्वस्वी अन्यायकारक ठरतो, अशा रुग्णांचा एक लहानसा वर्ग आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागास इजा झाल्याने यांचा मेद वाढतो. ही इजा गाठीमुळे, शस्त्रकर्मामुळे, किरणोपचारामुळे, शिरोभिघातामुळे किंवा मेंदूच्या आवरणाच्या शोथामुळे होते. संख्येने हे रुग्ण थोडे असले तरी ते आपल्याकडे हमखास येतात, कारण इतरत्र त्यांचे वजन आटोक्यात येत नाही आणि आयुर्वेदात मेद झडविणारी औषधे आहेत अशी लोकांची दृढ समजूत आहे. त्यांची ओळख पटली नाही, तर आपण नित्य देत असलेली निरुपद्रवी वाटणारी चिकित्साही त्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच हा विषय आम्ही अभ्यासासाठी निवडला आहे.

शोधाचा मागोवा

या व्याधीचा इतिहास मनोरंजक आहे. १९०१ साली व्हिएन्ना येथील फ्रोलिश यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. मुलाचे वजन झपाट्याने वाढले होते, दृष्टी मंद होत होती, वयात येण्याची चिन्हे दिसत नव्हती आणि पीयूषिका ग्रंथीच्या ठिकाणी गाठ होती. त्यावरून दोष पीयूषिकेचाच, असे पुष्कळांना वाटले. परंतु १९०४ मध्ये त्याच नगरीतील एर्डहाइम यांनी दाखवून दिले की पीयूषिका शाबूत असतानाही असे स्थौल्य येते आणि विकृती त्या ग्रंथीच्या वरच्या मेंदूभागात असते. हा वाद पुढे जवळजवळ चाळीस वर्षे चालला. १९४० मध्ये शिकागोच्या हेदरिंग्टन व रॅन्सन यांनी उंदरांच्या पीयूषिकेस धक्का न लावता हायपोथॅलॅमसच्या मध्यभागातील सूक्ष्म बिंदू विजेच्या साह्याने नष्ट केले. ते उंदीर प्रचंड स्थूल झाले आणि वादाचा निकाल लागला.

यानंतरचे पाऊल एका भारतीयाने टाकले याचा आपल्याला अभिमान वाटावा. डॉ. बाळकृष्ण आनंद यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात ब्रोबेक यांच्यासमवेत केलेले काम १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. हायपोथॅलॅमसच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्वभागातील छोटेसे क्षेत्र नष्ट केले असता प्राणी अन्न समोर असूनही खात नाही आणि उपासमारीने मरतो, हे त्यांनी सिद्ध केले. पार्श्वभागी क्षुधेचे केंद्र व मध्यभागी तृप्तीचे केंद्र अशी जी जोडी पाठ्यपुस्तकांत आली, ती या कार्यामुळे. डॉ. आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि १९६१ मध्ये योग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. योगावरील त्या कामाचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो, क्षुधाकेंद्राचा मात्र क्वचितच. खरे पाहता वैद्यांना त्याचे अगत्य अधिक असावयास हवे.

दोन केंद्रांचे हे चित्र आता पुरेसे मानले जात नाही. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या द्रव्याचे जनुक शोधून काढले आणि विषयाला नवे वळण मिळाले. मेदपेशी लेप्टिन तयार करतात. शरीरात मेदाचा साठा किती आहे, याचा निरोप ते रक्तावाटे मेंदूकडे नेते. हायपोथॅलॅमसच्या अगदी तळाशी असलेल्या आर्क्युएट केंद्रकातील पेशी हा निरोप घेतात. तेथील काही पेशी तृप्तीचा संदेश पुढे धाडतात, काही क्षुधेचा, आणि या दोहोंच्या तोलावर आहार व ऊर्जाव्यय ठरतो. ज्या रुग्णांचा आपण विचार करीत आहोत, त्यांच्या रक्तात लेप्टिन कमी नसते. उलट मेदाच्या प्रमाणात ते भरपूर असते. निरोप येतो, पण तो घेणाराच जागेवर नाही. साठा कितीही वाढला तरी शरीर दुष्काळ पडल्याप्रमाणे वागत राहते.

केवळ अतिभोजन नव्हे

याच ठिकाणी बहुतेकांची गल्लत होते. हायपोथॅलॅमसची इजा म्हणजे राक्षसी भूक, असा समज आहे. तशी भूक काही रुग्णांत दिसते. मुले रात्री उठून डबे रिकामे करतात, खाण्यावरून हिंसक होतात, वर्गातील इतर मुलांचे डबे चोरतात. परंतु कित्येक रुग्णांचा आहार त्यांच्या भावंडांपेक्षा फारसा अधिक नसतो आणि तरीही वजन वाढत राहते. याची तीन कारणे सांगता येतील. विश्रांत अवस्थेतील ऊर्जाव्यय घटलेला असतो. सिंपथेटिक चेतासंस्थेचा जोर ओसरतो, त्यामुळे हालचाल मंदावते आणि साठविलेला मेद वापरला जात नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. व्हेगस चेतेवरील नियंत्रण सुटल्याने स्वादुपिंड गरजेपेक्षा अधिक इन्सुलिन सोडते आणि इन्सुलिन हे मुळात मेद साठविणारे द्रव्य आहे. हायपोथॅलॅमसला इजा केलेल्या उंदरांची व्हेगस चेता छेदली असता त्यांचे स्थौल्य ओसरते, असे १९७४ मध्ये दाखविले गेले आहे.

मुलांमध्ये या व्याधीचे सर्वांत ठळक कारण म्हणजे क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ. ती कर्कार्बुद नव्हे. पसरत नाही, पण बसलेली असते अत्यंत नाजूक जागी. तिच्यावर उपचार झालेल्या सुमारे निम्म्या मुलांत पुढे स्थौल्य येते. वजन मुख्यत्वे शस्त्रकर्मानंतरच्या पहिल्या सहा ते बारा महिन्यांत उसळी घेते. या कारणाने आता अनेक शल्यविद गाठ मुळासकट काढण्याचा हट्ट न धरता हायपोथॅलॅमसला चिकटलेला भाग मागे ठेवतात आणि त्यावर किरणोपचार देतात. आपल्या देशात आणखी एक कारण सदैव ध्यानात ठेवले पाहिजे, ते म्हणजे क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ. त्यातील स्राव मेंदूच्या तळाशीच साठतो. लहानपणी ‘मेंदूज्वर’ झाल्याचा इतिहास देणारा स्थूल तरुण आला तर त्या ज्वराची अधिक चौकशी करावी.

संप्राप्तीचा विचार

हायपोथॅलॅमस म्हणजे आमच्या ग्रंथांतील अमुक अवयव, असे समीकरण मांडण्याचा मोह अनेकांना होतो. भेलसंहितेत मनाचे स्थान शिर व तालू यांच्या मध्ये सांगितले आहे आणि हायपोथॅलॅमसही जवळपास तेथेच असतो. वाग्भटांनी प्राणवायूचे स्थान मूर्धा सांगितले आहे. ही स्थाने विचारास चालना देणारी आहेत, यात शंका नाही. तथापि ग्रंथकारांना चार ग्रॅम वजनाचा तो विशिष्ट मेंदूभाग ठाऊक होता, असे म्हणणे आम्हांस उचित वाटत नाही. असे दावे शास्त्राचा मान वाढवीत नाहीत. संप्राप्तीची तर्कशुद्ध मांडणी मात्र उपयोगी पडते, म्हणून ती करू.

नेहमीच्या स्थौल्यात क्रम असा असतो. हेतूंमुळे मेद वाढतो, मेद स्रोतसांचा मार्ग रोधतो, अवरुद्ध वायू कोष्ठात विशेष संचार करतो आणि अग्नीला प्रज्वलित करतो. त्यामुळे आहार लवकर जिरतो व पुन्हा भूक लागते. अग्नी आणि वायू मिळून स्थूल माणसास वणव्याप्रमाणे जाळतात, अशी उपमा चरकांनी योजिली आहे. येथे प्रथम मेद, नंतर वायू, नंतर क्षुधा.

मर्माभिघातज स्थौल्यात हा क्रम उलटा आहे. शिर हे त्रिमर्मांपैकी एक. तेथे आघात होतो, मग तो बाह्य असो वा गाठीचा. प्राणवायू दुष्ट होतो. प्राणाचे अग्नीवरील व अन्य वायूंवरील नियमन सुटते. त्यानंतर एकतर जाठराग्नी अकारण तीक्ष्ण होतो, अथवा जाठराग्नी सम असूनही धात्वग्नी मंद पडतो आणि अन्नाचा ओघ मेदाकडेच वळतो. वर सांगितलेले भुकेचे रुग्ण पहिल्या प्रकारात, तर बेताने खाऊनही वाढणारे दुसऱ्या प्रकारात मोडतात. मेद हा या साखळीतील शेवटचा दुवा आहे, पहिला नव्हे. व्यवहारातील अर्थ असा की लेखन द्रव्यांनी मेदाला कितीही खरवडले तरी मूळ जागचा वायू जोवर नियमनाबाहेर आहे, तोवर तो मेद पुन्हा भरणार. केवळ लेखनावर या रुग्णांत का भागत नाही, याचे उत्तर आमच्या मते येथे आहे. आणि मेंदूतील नष्ट झालेल्या पेशी परत आणण्याचे सामर्थ्य आज कोणत्याही पॅथीच्या औषधात नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणावे लागेल.

अतिस्थूलाच्या आठ दोषांत क्षुधातिमात्रा व पिपासातियोग हे दोन आहेत. या रुग्णांत पिपासेचा अर्थ फार जपून लावावा लागतो. हायपोथॅलॅमसच्या इजेत मूत्र गाढ करणारे व्हॅसोप्रेसिन हे द्रव्य कमी पडते. जुने नाव डायबेटिस इन्सिपिडस, २०२२ पासून व्हॅसोप्रेसिन-न्यूनता असे नवे नाव सुचविले गेले आहे. रुग्ण दिवसात पाच-सात लिटर किंवा त्याहूनही अधिक, पाण्यासारखे स्वच्छ मूत्र टाकतो व तितकेच पाणी पितो. वर्णन उदकमेहाशी बरेच जुळते. परंतु स्थूल प्रमेही समजून यास रूक्षण व अपतर्पण दिले, किंवा कफ वाढेल म्हणून पाणी तोडले, तर काही तासांतच रक्तातील सोडियम चढून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. काही रुग्णांत तहानेची जाणीवच नष्ट झालेली असते. ते आणखी धोक्याचे.

ओळखावे कसे

शस्त्रकर्माचा इतिहास असेल तर प्रश्न नाही. ज्यांच्या गाठीचे निदानच झालेले नाही, ते खरी परीक्षा पाहतात. आमच्या अनुभवात मुलांच्या बाबतीत सर्वांत उपयोगी साधन म्हणजे उंचीची नोंद. अधिक खाऊन स्थूल झालेले मूल सामान्यतः आपल्या वयाच्या मुलांइतके वा किंचित अधिक उंच असते. वजन वाढते आहे पण उंची वर्ष-दीड वर्ष अडली आहे, जुनी चप्पल अजून होते, गणवेशाची विजार लांबीला तीच चालते पण कमरेला उसवावी लागते, असे आईने सांगितले की थांबावे. त्याच्या जोडीला सकाळी उठताच डोकेदुखी व उलटी, रात्री वारंवार लघवीस उठणे, दिवसा अकारण झोप आणि वयात येण्यास विलंब यांची चौकशी करावी. दाराच्या चौकटीला खांदा आपटणे, बाजूने येणारी सायकल न दिसणे ही दृष्टिक्षेत्र दोन्ही बाजूंनी आक्रसल्याची लक्षणे असतात. रुग्णासमोर बसून, त्यास आपल्या नाकाकडे पाहावयास सांगून, दोन्ही बाजूंनी बोटे हलवीत आणली तरी दोन मिनिटांत पुष्कळसे कळते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

शंका बळावल्यास मेंदूचा एमआरआय, सकाळी आठचे कॉर्टिसॉल, रक्तातील सोडियम आणि अवटुग्रंथीची तपासणी करवून रुग्णास अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. अवटुग्रंथीविषयी एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. तालुक्याच्या ठिकाणी खर्च वाचविण्यासाठी केवळ टीएसएच तपासण्याची प्रथा आहे. येथे बिघाड ग्रंथीत नसून तिला हुकूम देणाऱ्या केंद्रात असतो, त्यामुळे टीएसएच ‘नॉर्मल’ येऊ शकते आणि अवटुस्राव मात्र कमी असतो. फ्री टी-फोर सोबत मागवल्याशिवाय हा दोष सापडत नाही.

एक रुग्णा

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका गावाहून तेरा वर्षांची मुलगी आमच्याकडे आणली गेली. क्रॅनिओफॅरिंजिओमाचे शस्त्रकर्म होऊन दहा महिने झाले होते. शस्त्रकर्मापूर्वी वजन ३६ किलो, आमच्याकडे आली तेव्हा ६१ किलो. हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉक्सिन व डेस्मोप्रेसिन या गोळ्या चालू होत्या. त्यापूर्वी एका ठिकाणी वडिलांना सांगण्यात आले होते की ही सूज इंग्रजी गोळ्यांची आहे, त्या बंद करा. सोबत विरेचनाचे चूर्णही दिले होते. तिसऱ्या दिवशी उलट्या, ग्लानी व मंद नाडी अशा स्थितीत मुलीला जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवावे लागले. हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून दिल्यावर ती सावरली.

हा प्रसंग समजून घेतला पाहिजे. या मुलीच्या शरीरात स्वतःचे कॉर्टिसॉल तयार होत नव्हते. तिला मिळत असलेली मात्रा ही केवळ उणीव भरून काढणारी होती. ती मेद वाढविणारी नव्हे, जीव धारण करणारी होती. ज्वर, अतिसार, शस्त्रकर्म अशा प्रसंगी हीच मात्रा दुप्पट-तिप्पट करावी लागते. ती बंद करून वर विरेचन देणे म्हणजे दुर्बलाचे बल दोन्ही बाजूंनी हरण करणे होय.

आमच्यासमोर बसलेल्या आईची व्यथा वेगळीच होती. गावात सर्वजण तिला दोष देत होते. मुलगी मरता मरता वाचली म्हणून आई तिला लाडाने चारते, असा सर्वांचा समज. शाळेत मुले चिडवीत. आजी मात्र नातीचे रडणे न पाहवून चोरून लाडू देई. आम्ही प्रथम संपूर्ण कुटुंबास बसवून मेंदूचे चित्र काढून दाखविले. भूक मुलीच्या मनात नाही, डोक्यातील जखमेत आहे, हे सांगितले. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “म्हणजे पोरगी खोटं रडत नव्हती तर.” त्या दिवसापासून लाडवांचा डबा घरातून गेला, असे आईने नंतर सांगितले. एखाद्या औषधी योगाने होणार नाही इतके काम या एका भेटीने झाले.

चिकित्सा अशी ठेवली. पूर्वीच्या तिन्ही गोळ्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार तशाच चालू. त्यांना पत्र लिहून आमची योजना कळविली. जेवणाच्या वेळा ठरविल्या. ताट वाढून द्यावयाचे, भांडी समोर ठेवावयाची नाहीत. ज्वारी व नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, मुगाचे वरण, पडवळ व दुधी, जवाची पेज, आवळा. साखर, मैदा व बेकरीचे पदार्थ घरात आणावयाचेच नाहीत, कारण इन्सुलिन मुळातच अधिक असताना मधुर रसाने त्यास आणखी चालना मिळते. स्वयंपाकघरास रात्री कुलूप, आणि ते शिक्षा म्हणून नव्हे, हे मुलीस समजावून. सकाळी शाळेपूर्वी चालणे, दृष्टी अधू असल्याने वडिलांसोबत. औषध म्हणून उद्वर्तन व अल्प मात्रेत मुस्ता-गुडूची-त्रिफळा. शोधन नाही.

चौदा महिन्यांत वजन ६४ किलोवर होते. वजन घटले असे आम्ही म्हणत नाही. वाढीचा वेग पुष्कळ मंदावला, एवढेच. हा वेग शस्त्रकर्मानंतर वर्षभराने पुष्कळदा आपणहूनही कमी होतो. त्यामुळे श्रेय औषधाला द्यावे, पथ्याला की काळाला, हे एका रुग्णावरून ठरविता येणार नाही.

उपक्रमांविषयी सावधगिरी

स्थौल्यचिकित्सेतील काही नित्याचे उपक्रम येथे वर्ज्य वा अत्यंत मर्यादित समजावेत. वमन व तीक्ष्ण विरेचन देऊच नये. लंघनही नाही, विशेषतः हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्यांत, कारण रक्तशर्करा एकाएकी उतरते. लेखन बस्तीत सैंधव, यवक्षार व गोमूत्र असते. सोडियमचा तोल ज्यांच्यात औषधाच्या आधारे सांभाळला जात आहे, त्यांना तो देण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

उष्णोदक हा आपल्याकडील सर्वांत निरुपद्रवी उपाय समजला जातो. दिवसभर कोमट पाणी प्या, मेद वितळेल, असे आपण सहज सांगून जातो. परंतु डेस्मोप्रेसिन घेणाऱ्याचे मूत्रपिंड जादा पाणी बाहेर टाकू शकत नाही. त्याने आग्रहाने तीन-चार लिटर पाणी प्याले, तर रक्तातील सोडियम उतरून आक्षेप येऊ शकतात. या रुग्णांना पाणी तोडणेही घातक आणि लादणेही घातक. तज्ज्ञांनी ठरवून दिलेले प्रमाण तेवढे पाळावे.

प्रजागर, म्हणजे झोप कमी करणे, हा स्थौल्यातील शास्त्रोक्त उपाय आहे. पण या रुग्णांची दिवसाची झोप आळसाची नसते. निद्रा-जागरणाचे चक्र सांभाळणारे केंद्रही त्याच परिसरात आहे आणि ते बिघडलेले असते. शिवाय रात्री घोरणे व श्वास थांबणे हा उपद्रव यांच्यात बहुल आहे. दिवसा उजेडात फिरणे, रात्री ठराविक वेळी अंधार, आणि घोरण्याची तपासणी हा येथील योग्य विहार होय. सक्तीचे जागरण नव्हे.

आधुनिक वैद्यकाकडेही या व्याधीवर फार काळ समाधानकारक औषध नव्हते. जठरावरील शस्त्रकर्मे व मधुमेहातील नवी इंजेक्शने यांचे अनुभव संमिश्र आहेत. सेटमेलॅनोटाइड हे औषध लेप्टिनच्या पुढच्या टप्प्यावर, मेलॅनोकॉर्टिन-चार या ग्राहकावर काम करते. ते प्रथम २०२० मध्ये अमेरिकेत काही दुर्मीळ जनुकीय स्थौल्यांसाठी संमत झाले. हायपोथॅलॅमसच्या इजेने स्थूल झालेल्या १२० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यात बावन्न आठवड्यांनंतर बीएमआय औषधाच्या गटात साडेसोळा टक्क्यांनी घटला, तर नुसत्या आभासी औषधाच्या गटात सुमारे तीन टक्क्यांनी वाढला. तुटलेल्या दुव्याच्या पुढे जाऊन संदेश पोहोचविता येतो, हे यावरून दिसते. कोणी रुग्णाने विचारल्यास त्यास हे सांगण्यात आपणास कमीपणा वाटू नये.

औषधालयांसाठी

मेदोहर चूर्णे व गुग्गुळकल्प अनेकदा वैद्याच्या चिठ्ठीवाचून थेट दुकानातून नेले जातात. म्हणून औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींना दोन प्रश्न विचारण्याची आम्ही विनंती करतो. डोक्याचे ऑपरेशन, शेक अथवा मेंदूज्वर झाला होता काय? आणि रोजच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? यांपैकी पहिल्याचे उत्तर होय असेल, किंवा दुसऱ्याच्या उत्तरात हायड्रोकॉर्टिसोन, प्रेडनिसोलोन वा डेस्मोप्रेसिन यांचे नाव आले, तर पुडी न देता वैद्याकडे पाठवावे.

थायरॉक्सिन घेणाऱ्यास लोहभस्मयुक्त कल्प, उदाहरणार्थ नवायस किंवा आरोग्यवर्धिनी, तसेच शंखभस्म, प्रवाळभस्म अशी सुधाद्रव्ये त्याच वेळी देऊ नयेत. लोह व चुना यांमुळे थायरॉक्सिनचे शोषण घटते. किमान चार तासांचे अंतर ठेवावे. इसबगोलही त्या गोळीसोबत घेऊ देऊ नये. यष्टिमधू हे सौम्य व मधुर म्हणून सर्रास मिसळले जाते. ते कॉर्टिसॉलचे शरीरातील विघटन मंदावते, पाणी व मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम उतरविते. हायड्रोकॉर्टिसोन चालू असलेल्या रुग्णास ते दीर्घकाळ देण्याचे टाळावे.

बाजारात नावापुरत्या वनस्पतीच्या, पण आठवड्यात किलोभर उतरविणाऱ्या पुड्या मिळतात, त्यांच्यापासूनही दूर राहावे. वजन घटविणाऱ्या अशा ‘हर्बल’ पदार्थांत सिब्युट्रामिन हे रासायनिक द्रव्य दडविलेले अनेक देशांत सापडले आहे. हृदयावरील दुष्परिणामांमुळे भारतात त्यावर २०११ मध्ये बंदी आली. ज्या पुडीच्या वेष्टनावर घटकद्रव्यांची यादी, उत्पादन परवान्याचा क्रमांक व बॅच क्रमांक नाही, ती दुकानात ठेवू नये. विक्रेत्याने भरघोस कमिशन देऊ केले असेल तर मुळीच नाही.